दुखले नाही, हीच तक्रार

प्रश्न : माझे वय ५७ असून १४ वर्षांपासून मला टाइप २ मधुमेह आहे. दरवर्षी न चुकता डोळ्यांचा पडदा तपासून घेते आणि दरवर्षी ‘पडदा चांगला आहे’ असेच उत्तर मिळते. पाच महिन्यांपूर्वी कडेवरच्या नातवाचे नख माझ्या उजव्या डोळ्याला लागले. जरासे चुरचुरले, विशेष दुखले नाही, म्हणून कोणाला दाखवले नाही. पाचव्या दिवशी त्या डोळ्याने धूसर दिसू लागले तेव्हा डॉक्टरांकडे गेले. कॉर्नियावर बरेच खरचटले होते आणि ते भरून यायला तीन आठवडे लागले. तेव्हापासून अधूनमधून पहाटे डोळा उघडताना एकदम कळ येते, पाणी वाहते आणि तास-दोन तासांत सारे शांत होते. ‘मधुमेहामुळे तुमचा कॉर्निया नाजूक झाला आहे,’ असे डॉक्टर म्हणाले. पडदा चांगला असताना कॉर्निया कसा बिघडला? कॉर्नियात रक्तवाहिन्याच नसतात असे वाचले आहे, मग साखर तेथे पोहोचते कशी? नख लागले तेव्हा दुखले नाही आणि आता काही न लागता कळ येते, हे काय कोडे आहे? दिवसातून आठ-दहा वेळा ओलाव्याचे थेंब घालते. डोळा लाल झाला तर घरात उरलेले लाली घालवणारे थेंबही कधी घालते. तळपायांची आग होते, ती वेगळीच. गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा एचबीए१सी ८.८ आहे. दोन महिन्यांनी याच डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली आहे. ती करावी का? शेवटचा प्रश्न असा की, मी नेत्रदानाचा संकल्प केला आहे. माझे बुबुळ आता कोणाच्या उपयोगाचे राहिले आहे का?

उत्तर : आपण अनेक प्रश्न विचारले आहेत, पण माझे लक्ष अडकले ते प्रश्न नसलेल्या एका वाक्यावर. नख लागले, ‘विशेष दुखले नाही’, आणि म्हणून आपण पाच दिवस थांबलात. धडधाकट डोळ्याच्या कॉर्नियावर एवढे खरचटले असते, तर त्याने आपल्याला पाच दिवस काय, पाच मिनिटेही स्वस्थ बसू दिले नसते. अशा वेळी डोळा उघडवत नाही, उजेड सोसत नाही, पाण्याची धार लागते आणि माणूस असेल तसा उठून दवाखाना गाठतो. आपल्याला तसे झाले नाही, याचे श्रेय सहनशक्तीला देऊ नका. ते आजाराचे लक्षण होते, आणि आपल्या बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्याच धाग्याला धरून येतात.

आधी कॉर्निया आणि पडदा यांची फोड करू. कॉर्निया, म्हणजे पारपटल, हा डोळ्याच्या अगदी पुढचा, घड्याळाच्या काचेसारखा बसवलेला पारदर्शक भाग. त्याची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते, आणि तरीही डोळ्यात शिरणारे किरण एकत्र आणण्याचे सुमारे दोनतृतीयांश काम तोच करतो. आतल्या भिंगाचा वाटा त्याहून कमी असतो. तो काचेसारखा असल्याने आपल्याला तो दिसत नाही, त्याच्यामागचा काळा किंवा तपकिरी गोल दिसतो, आणि बोलण्यात आपण दोन्हींना मिळून ‘बुबुळ’ म्हणतो. ‘बुबुळ बसवले’ असे म्हणतात तेव्हा प्रत्यक्षात बसवलेला असतो तो कॉर्नियाच. पडदा, म्हणजे दृष्टिपटल, डोळ्याच्या अगदी मागे असतो. मधुमेहात त्याच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात आणि त्याने कायमचे अंधत्व येऊ शकते, त्यामुळे मधुमेह म्हटला की पडद्याची तपासणी हे समीकरण बसले आहे आणि ते योग्यच आहे. मात्र पडदा पाहणारा डॉक्टर कॉर्नियातून आरपार मागे पाहत असतो. खिडकीतून रस्ता न्याहाळणाऱ्याचे लक्ष काचेकडे जाईलच असे नाही. ‘पडदा चांगला आहे’ या उत्तराचा अर्थ पडदा चांगला आहे एवढाच. त्यात कॉर्नियाविषयी काहीही म्हटलेले नसते.

कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात हे आपण वाचलेले अगदी बरोबर आहे. त्या असत्या तर तो पारदर्शकच राहिला नसता. तो प्राणवायू मुख्यतः हवेतून, अश्रूंत विरघळलेला असा घेतो, आणि ग्लुकोज घेतो ते त्याच्या मागच्या बाजूला भरलेल्या नेत्रजलातून. हे नेत्रजल रक्तापासूनच तयार होते. त्यामुळे रक्तात साखर वाढली की नेत्रजलात वाढते, थोड्या प्रमाणात अश्रूंतही वाढते, आणि कॉर्निया दोन्ही बाजूंनी गोड पाण्यात राहतो. त्यातच कॉर्नियाच्या वरच्या थरातील पेशींना ग्लुकोज आत घेण्यासाठी इन्सुलिनची परवानगी लागत नाही. स्नायूंच्या पेशी इन्सुलिन नसेल तर दार लावून घेतात. या पेशींचे दार सताड उघडे असते. गरजेपेक्षा जास्त ग्लुकोज आत शिरले की त्यातील काही भाग सॉर्बिटॉल नावाच्या पदार्थात बदलतो, तो पेशीबाहेर सहज पडत नाही आणि पेशीचे काम बिघडवतो. शिवाय वर्षानुवर्षे वाढलेली साखर प्रथिनांना चिकटून त्यांचे कायमचे विद्रूप सांगाडे बनवते. एचबीए१सी या चाचणीत हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजतात. चिकटण्याची तीच प्रक्रिया कॉर्नियातही सावकाश चालू असते, फरक इतकाच की तांबड्या पेशी सुमारे १२० दिवसांत बदलतात आणि कॉर्नियाच्या आतली प्रथिने फार काळ टिकून राहतात.

या चिकटलेल्या साखरेचा पहिला फटका बसतो तो वरच्या थराच्या पायाला. कॉर्नियाचा सर्वांत वरचा थर पाच ते सात पेशी जाड असतो आणि तो सतत नवा होत असतो. जुन्या पेशी झडतात, खालून आणि कडेने नव्या येतात, आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत अख्खा थर बदलतो. हा थर ज्या पातळ पत्र्यावर उभा असतो त्याला आधारपटल म्हणता येईल. त्याला पेशी धरून ठेवणारे सूक्ष्म टाचे असतात. मधुमेहात हे आधारपटल जाड आणि ओबडधोबड होते, टाचे कमी पडतात, आणि वरचा थर दिसायला शाबूत असूनही आतून सुटा राहतो. ओल धरलेल्या भिंतीवरचा रंग डोळ्यांना अखंड दिसतो, पण बोट लावले की पापुद्रा हातात येतो, तसेच हे. निरोगी डोळ्यावरचे साधे खरचटणे बहुधा एक ते तीन दिवसांत भरून येते. आपल्याला तीन आठवडे लागले, त्यामागे हा कमजोर पाया आहे. आणि त्याच्याही मागे दुसरे एक कारण आहे, ते अधिक महत्त्वाचे.

कॉर्निया हा शरीरातील सर्वांत संवेदनशील भागांपैकी एक आहे. त्वचेच्या तुलनेत त्यात संवेदी चेतातंतूंची दाटी कित्येक शेकडा पटींनी जास्त असते. चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या पाचव्या मस्तिष्क चेतेचे हे तंतू कडेने आत शिरतात, फाटे फोडत वरच्या थराखाली जाळे विणतात आणि त्यांची टोके अगदी पृष्ठभागापर्यंत पोहोचतात. डोळ्यात गेलेले कुसळ डोंगराएवढे वाटते ते यामुळे. पण हे तंतू नुसते निरोप्याचे काम करत नाहीत. आपल्या टोकांतून ते काही रसायने पाझरतात आणि त्यावर वरच्या पेशींची वाढ, दुरुस्ती आणि एकमेकींना धरून राहणे अवलंबून असते. शेताच्या बांधावर राखणदार म्हणून ठेवलेला माणूसच पाटाचे पाणीही सोडत असावा, तसे हे आहे. मधुमेहाने हे तंतू विरळ होतात, तेव्हा राखणही जाते आणि पाणीही तुटते. जखम कळत नाही आणि कळली तरी लवकर भरत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच तंतूच्या मरण्याने होतात.

आता आपले कोडे. आपण तळपायांची आग ‘वेगळीच’ म्हणून लिहिली आहे. मला ती वेगळी वाटत नाही. मधुमेहात पायांच्या चेता बिघडतात तेव्हा माणूस एकीकडे सांगतो की चप्पल निसटलेली कळत नाही, आणि दुसरीकडे सांगतो की रात्री तळपाय पेटतात. बधिरपणा आणि आग एकाच वेळी, एकाच पायात असू शकतात, कारण काही तंतू मेलेले असतात आणि काही अर्धमेले तंतू विनाकारण ओरडत असतात. कॉर्नियातही तसेच घडते. कॉर्नियाचे चेतातंतू एका विशेष सूक्ष्मदर्शकाखाली, डोळ्याला न कापता, जिवंतपणी पाहता येतात, आणि त्यात असे आढळले आहे की पायांची चेताहानी आणि कॉर्नियाची चेताहानी बऱ्याच अंशी बरोबरीने चालतात. कित्येकदा कॉर्नियातील तंतू आधी विरळ झालेले दिसतात. तेव्हा पायांच्या आगीबद्दल डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा आणि डोळ्यांच्या बधिरपणाबद्दल मधुमेहाच्या डॉक्टरांना. दोघांच्या फायली वेगळ्या असतात. शरीर आपले एकच आहे.

पहाटेच्या कळेचे कारण मात्र त्या नखाच्या जागेत दडलेले असण्याची शक्यता अधिक. जखम वरून बुजली, पण तेथले टाचे पक्के व्हायला पुढचे कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. रात्री अश्रू कमी स्रवतात, मिटलेल्या पापणीखाली कॉर्निया किंचित फुगतो, आणि वरचा सुटा थर पापणीच्या आतल्या बाजूला चिकटून बसतो. पहाटे आपण डोळा उघडला की पापणीबरोबर तो पापुद्रा उचलला जातो. कळ येते ती तेव्हा, आणि तास-दोन तासांत आजूबाजूच्या पेशी सरकून ती जागा झाकतात म्हणून शांत वाटते. आपल्याला एवढी कळ जाणवते ही त्यातल्या त्यात बरी बातमी म्हणायची. तंतू पूर्ण गेलेले नाहीत. यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने झोपताना ओलावा देणारे मलम खालच्या पापणीच्या आत घालण्याची सवय निदान तीन महिने मोडू नका, कळ आठवडाभर आली नाही तरी मोडू नका. जाग आली की डोळा ताडकन उघडू नका. आधी मिटलेल्या पापण्यांआड बुबुळे सावकाश इकडेतिकडे फिरवा, मग डोळ्याच्या कोपऱ्यात एक थेंब सोडा आणि तो आत झिरपल्यावर पापणी उघडा. डोळा चोळणे पूर्ण बंद. एवढ्याने भागले नाही, तर काही आठवडे घालण्याची पट्टीवजा मऊ लेन्स आणि आणखी काही उपाय आहेत, पण मधुमेही डोळ्यात अशी लेन्स म्हणजे जंतूंना आमंत्रण ठरू शकते, त्यामुळे ती वारंवार तपासणीच्या बोलीवरच घालावी.

तपासणीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण पुढच्या भेटीत आपण दोन साध्या गोष्टी मागून घ्याव्यात. पहिली म्हणजे रंगाची तपासणी. फ्लुरेसीन नावाच्या नारिंगी रंगाची एक कागदी पट्टी ओली करून खालच्या पापणीला टेकवतात आणि निळ्या उजेडात डोळा पाहतात. जेथे वरचा थर अखंड असतो तेथे रंग धरत नाही. जेथे पेशी उडालेल्या असतात ती जागा हिरवीगार चमकते. जखम कोठे आहे, केवढी आहे, कडा कशा आहेत, हे मिनिटभरात कळते. दुसरी तपासणी संवेदनेची आणि ती हा रंग किंवा बधिर करणारे थेंब घालण्याच्या आधी करायची असते, नंतर केली तर तिला अर्थ राहत नाही. कापसाचे टोक पिळून त्याचा एक बारीक धागा काढतात, तो रुग्णाला दिसू नये म्हणून बाजूने आणतात आणि कॉर्नियाला अलगद टेकवतात. निरोगी माणूस धागा टेकताक्षणीच पापणी मिटतो. जुन्या मधुमेहाच्या रुग्णांना मी हा धागा मध्यभागी, वर, खाली असा तीनदा लावते आणि त्यांतले काही जण शांतपणे समोर पाहत विचारतात, ‘डॉक्टर, सुरुवात कधी करणार?’ त्या प्रश्नातच तपासणीचा निकाल असतो. या तपासणीला ना यंत्र लागते ना वेळ, आणि तरीही ती राहून जाते, याचे मला वाईट वाटते.

संवेदना फारच कमी असेल तर काय होते, हे आपल्याला घाबरवण्यासाठी नव्हे, पण माहीत असावे म्हणून सांगते. पापण्यांची उघडझाप मंदावते, कारण पापणीला हाक देणारे तंतूच झोपलेले असतात. आपोआप येणारे अश्रू कमी होतात. डोळा कोरडा पडतो, पण कोरडेपणाची चुरचुर जाणवत नाही. आधी पृष्ठभाग खडबडीत होतो, मग एखादी जागा उघडी पडते आणि भरूनच येत नाही; तिच्या कडा गुळगुळीत, गुंडाळल्यासारख्या होतात, आणि शेवटी ती खोल जाऊन कॉर्निया विरघळू लागतो. यावर उपाय आहेत. रुग्णाच्याच रक्ताच्या सीरमपासून केलेले थेंब, गर्भावरणाच्या पटलाचे आच्छादन, पापण्या काही काळ अंशतः शिवून ठेवणे, आणि अलीकडच्या काळात चेतातंतूंना वाढवणाऱ्या प्रथिनाचे थेंब. सेनेगर्मिन या नावाच्या अशा थेंबांना अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. बऱ्या न होणाऱ्या जखमेवर पातळ केलेल्या इन्सुलिनच्या थेंबांचाही काही ठिकाणी उपयोग केला जातो, पण हे वाचून कोणी स्वतःच्या सुईतले इन्सुलिन डोळ्यात घालू नये. ते टोचण्यासाठी बनवलेले असते, त्याची तीव्रता आणि त्यातील टिकाऊ द्रव्ये डोळ्यासाठी नसतात. आपण या टप्प्यापासून दूर आहात. दूर राहायचे तर दुखण्याची वाट न पाहता डोळा बघावा लागेल.

म्हणून एक सवय लावून घ्या. रोज सकाळी खिडकीच्या उजेडात आरशासमोर दोन्ही डोळे पाहा. लाली, पांढरा ठिपका, चिकटा किंवा कॉर्नियावरची चमक गेलेली जागा शोधा. नंतर एक डोळा तळहाताने झाका आणि दुसऱ्याने रोज एकच ओळ वाचा, भिंतीवरच्या दिनदर्शिकेची का असेना. कालची ओळ आज पुसट झाली, तर दुखत नसले तरी त्याच दिवशी डोळा दाखवा. डोळ्याला नख, कपड्याचे टोक, फांदी काहीही लागले तरी नियम हाच. पांढरा ठिपका दिसला तर दिवसही थांबू नका. मधुमेहात कॉर्नियाला जिवाणूंचा आणि बुरशीचा संसर्ग होण्याची शक्यता वाढते, तो झपाट्याने पसरतो, आणि ‘डोळे आले असतील’ म्हणून चार दिवस काढलेल्या डोळ्यात नंतर कायमचे फूल पडते.

येथेच आपल्या त्या उरलेल्या थेंबांचा विषय येतो, आणि त्याबाबत मला मिळमिळीत लिहिता येत नाही. ती बाटली आजच टाकून द्या. लाली घालवणाऱ्या पुष्कळ थेंबांत स्टेरॉइड असते. ते लाली उतरवते, म्हणजे आपल्याला आधीच कमी ऐकू येणाऱ्या धोक्याच्या घंटेवर आणखी एक उशी ठेवते. बुरशीचा संसर्ग असेल तर त्याला रान मोकळे करून देते, आणि अधिक काळ घातले तर डोळ्यातील दाब वाढवून काचबिंदूला वाट करून देते. डॉक्टरांनी विशिष्ट दिवसांसाठी लिहून दिलेले स्टेरॉइड हे फार उपयोगी औषध आहे. घरात उरलेले स्टेरॉइड हे औषध नव्हे. बधिर करणारे थेंब तर घरी कधीही नसावेत. ओलाव्याच्या थेंबांना माझी हरकत नाही, पण आपण ते दिवसातून आठ-दहा वेळा घालता, आणि पुष्कळ बाटल्यांत बेंझाल्कोनियम क्लोराइड हे टिकाऊ द्रव्य असते. दोन-चार वेळा घातले तर त्याने सहसा बिघडत नाही. दहा वेळा घातले तर जो थर सांधायचा आहे त्यालाच ते ओरखडत राहते. टिकाऊ द्रव्यविरहित थेंब मागून घ्या.

साखरेबाबत आपल्या मधुमेहतज्ज्ञांचा शब्द अखेरचा. ८.८ हा आकडा खाली यायला हवा यात दुमत नाही. बहुतेक प्रौढांसाठी ७ च्या आसपासचे लक्ष्य ठेवतात, वय आणि इतर आजार पाहून ते थोडे मागेपुढे करतात. माझी भर एवढीच, की बरीच वर्षे चढी राहिलेली साखर घाईघाईने खाली आणली तर मागच्या पडद्याचा आजार काही काळ बळावू शकतो, म्हणून उपचार बदलल्यावर पुढच्या वर्षाची वाट न पाहता पडदा मध्ये एकदा दाखवून घ्या. साखर वरखाली होत असताना चष्म्याचा नंबरही हलतो. तो कॉर्नियाचा दोष नसतो, आतले भिंग फुगते-आकसते; साखर स्थिर होईपर्यंत नवा चष्मा करू नये. साखर ताब्यात आल्याने कॉर्नियाचे मेलेले तंतू परत येतात का, असे मला नेहमी विचारतात. टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांत स्वादुपिंडाचे रोपण झाल्यानंतर सहा महिन्यांतच कॉर्नियात तंतूंची नवी वाढ सूक्ष्मदर्शकाखाली दिसली आहे. रोपणाइतका टोकाचा बदल औषधांनी होत नाही, पण या तंतूंत पुन्हा उगवण्याची धमक असते एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करावी. पण दोन महिन्यांनीच करावी असा हट्ट धरू नये. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची सहसा एवढी घाई नसते. त्याआधी कॉर्नियाचा पृष्ठभाग ठीक करून घ्यायला हवा, आणि त्याचे एक अगदी व्यावहारिक कारण आहे. डोळ्यात बसवायच्या कृत्रिम भिंगाचा नंबर कॉर्नियाची वक्रता मोजून काढतात. पृष्ठभाग कोरडा, खडबडीत असेल तर मोजमाप चुकते आणि शस्त्रक्रिया उत्तम होऊनही दिसणे मनासारखे होत नाही. मोजमाप वेगवेगळ्या दिवशी दोनदा घ्यायला सांगा आणि दोन्ही जुळले तरच पुढे जा.

दुसरी गोष्ट कॉर्नियाच्या सर्वांत आतल्या थराची. हा एकाच पेशीइतका जाड थर रात्रंदिवस कॉर्नियातले पाणी बाहेर उपसत असतो आणि कॉर्निया पारदर्शक राहतो तो त्या उपशामुळे. वरच्या थरासारख्या या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. प्रौढ वयात दर चौरस मिलिमीटरला साधारण २,५०० पेशी असतात, वयाबरोबर त्या हळूहळू घटतात, आणि शस्त्रक्रियेत काही जातातच. मधुमेहात त्या संख्येने कमी आणि आकाराने वेड्यावाकड्या झालेल्या असू शकतात, म्हणून शस्त्रक्रियेनंतर कॉर्नियाची सूज उतरायला इतरांपेक्षा जास्त दिवस लागतात. पेशी मोजण्याची तपासणी डोळ्याला न टोचता होते. ती आधी करून घ्या आणि आकडा शस्त्रक्रिया करणाऱ्यांना ठाऊक असू द्या. त्यांना नखाची सारी हकीकत, तीन आठवड्यांसह, सांगा. शस्त्रक्रियेतील छेदाने कॉर्नियाचे आणखी काही तंतू तुटतात, त्यामुळे नंतरचे काही महिने कोरडेपणा आणि बधिरपणा वाढणार हे गृहीत धरा. शस्त्रक्रियेनंतर सूज उतरवण्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा केटोरोलॅक या जातीचे थेंब देतात. मधुमेहींना ते मुद्दामही देतात, कारण पडद्याच्या मध्यभागी येणारी सूज टाळायला त्याने मदत होते. मात्र कमजोर पृष्ठभागावर तेच थेंब क्वचित कॉर्निया विरघळवू शकतात. लिहून दिलेल्या दिवसांपेक्षा एकही दिवस जास्त घालू नका, आणि त्या काळात बोलावलेल्या तारखेला जाणे टाळू नका. पुढे कधी पडद्यावर लेझर करावे लागले तर तेव्हाही कॉर्नियाच्या संवेदनेचा विषय काढा. कॉर्नियाकडे येणाऱ्या चेता डोळ्याच्या भिंतीतून पुढे येतात आणि लेझरची झळ त्यांना लागू शकते.

राहता राहिला नेत्रदानाचा प्रश्न, आणि तो आपण शेवटी, जरा संकोचून विचारला आहे असे वाटले. मधुमेह असलेली व्यक्ती नेत्रदान करू शकते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, चष्मा असलेली व्यक्तीही करू शकते. नेत्रपेढीत प्रत्येक कॉर्निया तपासला जातो, आतल्या थराच्या पेशी मोजल्या जातात आणि त्यावरून तो कोणत्या शस्त्रक्रियेला योग्य आहे हे ठरते. हल्ली पुष्कळ रुग्णांना अख्खा कॉर्निया न बसवता फक्त सर्वांत आतले पातळ पटल बसवतात. मधुमेही दात्याच्या कॉर्नियातून ते पटल सोलून काढताना फाटण्याचा संभव जास्त असतो, कारण वरच्या थराच्या उलट, तेथे थर एकमेकांना जास्तच घट्ट चिकटून बसलेले असतात. असा कॉर्निया दुसऱ्या प्रकारच्या रोपणाला उपयोगी पडू शकतो, पण त्यासाठी नेत्रपेढीला मधुमेहाची कल्पना आधी असावी लागते. आपल्याला मधुमेह कोणत्या वर्षी झाला, इन्सुलिन चालू आहे का आणि कोणत्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, हे एका कागदावर लिहून संकल्पपत्राबरोबर ठेवा आणि तो कागद कोठे आहे हे घरात दोघांना तरी सांगून ठेवा.